पुश बॅक म्हणजे पुढे

परवा हापिसात नवीन आलेल्या पोराने विचारलं, "बुधवारचा डेमो दोन दिवस पुश बॅक केलाय म्हणे. म्हणजे सोमवार की शुक्रवार?" बाकीचे हसले. मला नाही हसू आलं. हाच प्रश्न न विचारल्यामुळे आमचा एक अख्खा वीकांत गेला होता.

तेव्हाही बुधवारच होता. अमेरिकेतल्या क्लायंटची मेल आली, 'पुश बॅक बाय टू डेज'. आमच्या लीडने सरळ मराठी अर्थ लावला. बॅक म्हणजे मागे, म्हणजे सोमवार! शनिवार-रविवार जागून काढले आणि सोमवारी रात्री कॉलवर आम्ही सोडून कुणीच नाही.

लीडला मी दोष देत नाही. आपण बैठक 'पुढे ढकलतो', इंग्रज तीच 'मागे' ढकलतो. बहुधा रांगेतल्या माणसासारखी, शेवटाकडे. बरं, 'बॅक इन २००४' म्हटलं की तोच बॅक भूतकाळात जातो. आता बोला! आणि 'मूव्ह फॉरवर्ड'मध्ये तर खुद्द इंग्रजी बोलणारेच फसतात. लेरा बोरोडिट्स्की आणि मायकेल रॅम्स्कार यांनी २००२ साली छापलेल्या संशोधनात विमानतळावर लोकांना विचारलं होतं: बुधवारची मीटिंग दोन दिवस फॉरवर्ड केली, आता कधी? कुणाला तरी न्यायला आलेल्यांत सोमवार आणि शुक्रवार जवळपास निम्मे-निम्मे. नुकते विमानातून उतरलेले मात्र जास्त करून शुक्रवार म्हणाले. स्वतः पुढे सरकत आलेल्या माणसाला वेळही तशीच दिसते म्हणे.

त्यामुळे माझं स्पष्ट मत, मेलमध्ये ही क्रियापदं वापरूच नयेत. वार आणि तारीख लिहा, विषय संपला.

पण त्या सोमवारचं खरं दुखणं वेगळंच होतं. नंतर क्लायंटचा मॅनेजर म्हणाला, "दोन दिवस आधी शक्यच नव्हतं, तर तुम्ही पुश बॅक का नाही केलंत?" घ्या! आता याचा अर्थ, विरोध का नाही केलात. उद्धटपणे नाही, कारण देऊन 'हे जमणार नाही' असं सांगणं. आम्ही सातजण होतो. तारीख अशक्य आहे हे सातही जणांना कळत होतं, मलासुद्धा. पण अप्रेझल तोंडावर आलेलं, कोण बोलणार? एकाने जरी तोंड उघडलं असतं, तरी पहिल्या पुश बॅकचा घोळ पाच मिनिटांत सुटला असता.

असो. नवीन पोराला 'शुक्रवार' म्हणून सांगितलं. आणि वर म्हटलं, माझ्यावर विसंबू नकोस, क्लायंटला मेल टाकून तारीख विचारून घे.