रात्रींचीं छायाचित्रें

अलीकडे आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस रात्रींच्या वेळीं शहरांतील मोठमोठ्या इमारतींचे फोटो काढण्याचा छंद जडला आहे. छंद वाईट नव्हे. मांज्यानें बोटें कापून घेण्यापेक्षां तो खचित बरा. शिवाय त्याच्या निमित्तानें मुलें मान वर करून आपल्या शहराकडे पाहूं लागलीं, हा लाभही लहान नाहीं. परंतु जीं छायाचित्रें आम्हांस दाखविण्यांत येतात त्यांतील बहुतेकांविषयीं आमची एक तक्रार आहे. त्यांत इमारत नसते, रोषणाई असते.

हें म्हणणें कोणास चमत्कारिक वाटेल, म्हणून उदाहरणच घेऊं. मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, ज्यास वृद्ध माणसें अद्यापि बोरीबंदर म्हणतात, तें फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ह्याच्या आराखड्यावरून १८७८ सालीं बांधावयास घेतलें व १८८८ सालीं पुरें झालें. त्याच्या घुमटावर एका हातीं मशाल व दुसऱ्या हातीं चाक घेतलेली प्रगतीची मूर्ति उभी आहे. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ बसले आहेत. भिंतींवर पानें, फुलें, पशु व पक्षी कोरले आहेत, आणि ह्या कोरीव कामापैकीं पुष्कळसें मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंतील विद्यार्थ्यांच्या हातचें आहे. उन्हांत ह्या दगडावर सावली पडते, म्हणून पानाची शीर न् शीर उठून दिसते. तेथेंच सणाच्या रात्रीं हिरवा किंवा जांभळा झोत सोडला कीं दगडादगडांतील रंगभेद नाहींसा होऊन सारी भिंत रंगविलेल्या पुठ्ठ्यासारखी होते. त्या मुलांची छिनी कोठें गेली, हें मग फोटोंत शोधूं म्हटलें तरी सांपडत नाहीं.

पॅरिस शहरांत ही गोष्ट कायद्यानेंही ओळखली आहे. तेथील आयफेल मनोऱ्याचा दिवसाचा फोटो वाटेल त्यानें काढावा व विकावा. गुस्ताव्ह आयफेल १९२३ सालीं वारला व त्याचा हक्क केव्हांच संपला. परंतु मनोऱ्यावरील रोषणाई ही एक स्वतंत्र कलाकृति मानली जाते. रात्रींचें चित्र धंद्यासाठीं वापरावयाचें तर त्यास परवानगी लागते. मनोरा एकाचा आणि उजेड दुसऱ्याचा, हा विवेक आमच्या विद्यार्थ्यांनींही करावा.

मग रात्रीं फोटो काढूंच नयेत काय? असें आम्ही म्हणत नाहीं. रात्र पुरी पडण्यापूर्वीं जावें, एवढेंच म्हणतों. सूर्य मावळल्यावर आकाशाची निळाई आणि दिव्यांचा उजेड कांहीं वेळ बरोबरीचे होतात. तेवढ्या वेळांत घुमटाची कड आकाशावर स्वच्छ उमटते व भिंतही काळवंडत नाहीं. आपल्या प्रदेशांत संधिप्रकाश फार टिकत नाहीं. वीस-पंचवीस मिनिटांत खेळ आटोपतो. म्हणून जागा अगोदर हेरून, तिपाई लावून, तयार बसावें. राजाबाई मनोऱ्यासारखी २८० फुटांची इमारत असेल तर पायथ्याशीं उभें राहून कॅमेरा वर उचलूं नये. तसें केल्यानें मनोरा मागें पडत असल्यासारखा दिसतो. ओव्हल मैदानांत दूर जावें. जीं स्मारकें पुरातत्त्व खात्याच्या ताब्यांत आहेत तेथें तिपाईस परवानगी लागते; ती आधीं मिळवावी, पहारेकऱ्याशीं हुज्जत घालूं नये.

उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याचा डोळा कांहीं सेकंद उघडा ठेवावा लागतो. पॅरिसच्या रात्रींचा विख्यात चित्रकार ब्रासाई, ज्याचा संग्रह १९३२ सालीं निघाला, तो हा वेळ सिगारेट जळण्यावरून मोजीत असे असें सांगतात. (आमच्या विद्यार्थ्यांनीं घड्याळ वापरावें.) आतां पुष्कळांच्या खिशांतील फोन हें काम आपणच करतो. एकामागून एक अनेक चित्रें घेऊन, तीं जोडून, काळोख उजळून देतो. सोय मोठी खरी. पण किती काळोख ठेवावा हा निर्णय मुलाच्या हातून यंत्राकडे गेला, हें आम्हांस रुचत नाहीं.

ह्या लांबलेल्या क्षणांत आणखी एक गोष्ट घडते, आणि आमचा खरा आक्षेप तिच्याविषयीं आहे. चालणारें माणूस चित्रांत उमटतच नाहीं. १८३८ सालीं दागेर ह्यानें पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचें चित्र घेतलें. गाड्या, घोडे, माणसें सारीं विरून गेलीं. राहिला तो जोडे पुसून घेण्यास स्थिर उभा असलेला एक गृहस्थ, व त्याचे जोडे पुसणारा. त्या काळीं हा नाइलाज होता. आज आमचीं मुलें तेंच मुद्दाम करतात, आणि बोरीबंदरासमोरचा चौक अगदीं रिकामा दिसला म्हणजे त्यास सुंदर म्हणतात! ज्या स्थानकांतून रोज लाखों माणसें जातात-येतात तें निर्मनुष्य दाखविणें आम्हांस खोटें वाटतें. शेवटची गाडी गांठण्यास धांवणारा कारकून, पाटी डोक्यावर घेतलेला हमाल, झाडूवाली बाई, हीं त्या इमारतीस डाग नव्हेत. तीं आहेत म्हणून ती इमारत आहे. क्षण थोडा आंखडता घेतला तर तीं धूसर कां होईना, पण दिसतील. फूटपाथवर निजलेल्या गरिबाचा फोटो मात्र त्याच्या नकळत काढूं नये. त्यास उठवून विचारणें बरें नव्हे, तेव्हां कॅमेरा दुसरीकडे वळवावा.

पुढील अंकासाठीं छायाचित्रें पाठविणारांनीं प्रत्येक चित्रामागें तारीख, घटका आणि कॅमेरा किती सेकंद उघडा होता तें लिहावें. इमारतीवर त्या दिवशीं रंगीत रोषणाई असल्यास तेंही नमूद करावें. आणि शक्य तर तीच इमारत दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां टिपून दोन्ही चित्रें एकत्र पाठवावीं.