मारुतीचं शेपूट, व्हाया डहाणू-तलासरी

शनिवारी सकाळी लवकर निघून घोडबंदरचं ट्रॅफिक चुकवलं, की बोर्डीचा वीकएण्ड अर्धा जिंकलाच म्हणून समजा! मग मनोर मागे पडतं, ट्रेलरांच्या रांगेतून वाट काढत चारोटी नाका येतो आणि डावीकडे डहाणूचा रस्ता लागतो. नाक्यावर चहाला थांबलात, की मोबाइलमधून डोकं वर काढा आणि आजूबाजूला एकदा बघा. पुढून चपटी, मागून चौकोनी, सरकत्या दाराची पांढरी गाडी दिसेल. एक नाही, रांगेनं दिसतील. मारुती सुझुकी ईको!

आता खरं सांगा, तुमच्या विशलिस्टमध्ये ही गाडी आहे? नसणारच. ईकोचं पोस्टर कुणी भिंतीला लावत नाही आणि ईकोसमोर उभं राहून कुणी फोटोही काढत नाही. पण डहाणू, कासा, उधवा, तलासरी या भागात फिरा. तिथे चिकूच्या करंड्या नेणारी हीच, शाळेची मुलं आणणारी हीच, लग्नाचं वऱ्हाड नेणारी हीच आणि पहाटे कामगारांना हद्दीपलीकडच्या उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत सोडणारीही हीच. एसटीची जुनी घोषणा होती, ‘हात दाखवा, गाडी थांबवा’. इथे ती ईकोनं मनावर घेतलीय.

गंमत बघा, जपानी तंत्रज्ञानाच्या बुलेट ट्रेनचा मार्गही याच डहाणू-तलासरीतून जातो. पण स्टेशन बोईसरला, त्यानंतर थेट वापीला. म्हणजे जपानची एक गाडी इथे थांबणार नाही आणि दुसरी हात दाखवला की थांबते! आजचा विषय ही दुसरी गाडी, तिचं घराणं आणि तिच्या मालकांनी गेल्या चाळीस वर्षांत तिच्याकडे नेमकं काय मागितलं ते.

मागापासून मोटारीपर्यंत

सुझुकीची सुरुवात गाड्यांपासून झालीच नाही. मिचिओ सुझुकी या गृहस्थांनी 1909 साली जपानमधल्या हमामात्सू गावात कापड विणायचे माग बनवण्याचा कारखाना काढला. इचलकरंजी-मालेगावकरांना हे ऐकून बरं वाटेल. पुढे मागांचा धंदा बसला आणि कंपनी दुचाकीकडे वळली. 1952 मध्ये सायकलला इंजिन बसवून झालं आणि 1955 मध्ये ‘सुझुलाइट’ ही छोटुकली कार आली. तिचं इंजिन फक्त 360 सीसीचं. युद्धातून सावरणाऱ्या जपाननं अशा चिमुकल्या गाड्यांना करात सवलत दिली होती. कमी जागा, कमी पेट्रोल, कमी पैसे या तीन सूत्रांवर सुझुकी मोठी झाली.

कंपनीला जगाच्या नकाशावर नेलं ते घरजावयानं. ओसामू मात्सुदा हे बँकेत नोकरी करणारे तरुण. सुझुकी घराण्यात लग्न करून त्यांनी सासरचं आडनाव घेतलं आणि 1978 मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले. 2 ऑक्टोबर 1982 रोजी भारत सरकारच्या मारुती उद्योगाशी सुझुकीचा करार झाला. सुझुकीचा वाटा होता 26 टक्के. बाकीच्या बड्या कंपन्यांना तेव्हा भारतात दम वाटत नव्हता. ओसामू सुझुकींना वाटला, आणि पुढचा इतिहास तुमच्या-आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा आहे. 2002 मध्ये कंपनीची सूत्रं सुझुकीकडे गेली आणि 2007 मध्ये नाव ‘मारुती सुझुकी’ झालं. 25 डिसेंबर 2024 रोजी वयाच्या 94 व्या वर्षी ओसामू गेले. 2025 मध्ये भारतानं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

पहिली मारुती 800 मिळाली 14 डिसेंबर 1983 रोजी, दिल्लीच्या हरपाल सिंग यांना. सोडतीत त्यांचं नाव निघालं आणि इंदिरा गांधींच्या हस्ते किल्ली हातात पडली. त्यांनी ती गाडी शेवटपर्यंत, म्हणजे 2010 पर्यंत विकली नाही. आपण तीन वर्षांत मॉडेल बदलायला निघतो, त्या हिशेबात हे प्रेम जरा जास्तच सॉलिड आहे, नाही का?

डब्याचा जन्म

800 च्या पाठोपाठ 1984 मध्ये मारुती व्हॅन आली. सुझुकीच्या ‘कॅरी’ या छोट्या मालवाहू गाडीची ती बहीण. इंजिन 800 चंच, 796 सीसीचं, पण बसवलेलं थेट पुढच्या सीटखाली. 1988 मध्ये तिचं बारसं झालं आणि नाव पडलं ‘ओम्नी’. हिंदी सिनेमावाल्यांनी तिला किडनॅपिंगची अधिकृत गाडी करून टाकलं. दार सरकवा, हिरोच्या बहिणीला आत ओढा, पसार व्हा! प्रत्यक्षात ओम्नीनं पळवण्यापेक्षा पोहोचवण्याचंच काम जास्त केलं. शाळेची व्हॅन, रुग्णवाहिका, केटररची गाडी, बँडवाल्यांची गाडी.

ज्यांच्या घरी ओम्नी होती, त्यांना काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. उन्हाळ्यात सीटखालून येणारी इंजिनची धग. थंडीत सकाळी चोक ओढून केलेली आराधना. हायवेवर शेजारून ट्रेलर गेला की अंगभर होणारी थरथर. आणि ड्रायव्हरच्या गुडघ्यांपुढे काय, तर फक्त पत्रा. बॉनेट नाहीच. पण मागची सीट काढली की टेम्पो, लावली की कार. शिवाय गावातला कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून ती दुरुस्त करायचा. एवढं पुरेसं होतं.

मग 2001 मध्ये कंपनीनं जरा मोठी, पॉश ‘व्हर्सा’ काढली. जाहिरातीत अमिताभ आणि अभिषेक, दोघेही बच्चन! तरी गाडी चालली नाही. मग तिचं काय केलं? अंगावरचा साज उतरवला, इंजिन 1.2 लिटरचं केलं, किंमत खाली आणली आणि जानेवारी 2010 मध्ये तीच गाडी ‘ईको’ म्हणून परत आणली. 2023 पर्यंत ईकोची विक्री दहा लाखांवर गेली. जे बच्चन पितापुत्रांना जमलं नाही, ते चिकूच्या करंडीनं करून दाखवलं!

मालकाचा हिशेब

डहाणू-तलासरीत ईको का? कारण इथे गाडी म्हणजे रोजगार. डहाणू तालुका जून 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झाला. इथे मोठ्या कारखान्यांवर बंधनं आली आणि हिरवाई टिकली. पण कामासाठी बाहेर पडणं आलं. मुंबईची लोकल 2013 मध्ये डहाणू रोडपर्यंत पोहोचली, तरी स्टेशनपासून पाड्यापर्यंतचं अंतर कुणी कापायचं? एसटी आहे, पण तिच्या वेळेत आणि शिफ्टच्या वेळेत जमेलच असं नाही. ही फट ईकोनं भरली.

चिकूचं गणित वेगळं. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं. पण मानांकनामुळे फळ थांबत नाही, ते पिकतंच. झाडावरून उतरवलं की काही दिवसांत बाजारात पोहोचायला हवं. ट्रक भरण्याइतका माल रोज सगळ्यांकडे नसतो. दहा-पंधरा करंड्या सकाळी ईकोत टाकायच्या आणि संध्याकाळी त्याच गाडीत घरच्यांना बसवून महालक्ष्मीच्या दर्शनाला न्यायचं. वरून सीएनजी. कंपनीचा आकडा किलोला जवळपास 27 किलोमीटरचा. प्रत्यक्षात कमी मिळालं तरी पेट्रोलच्या मानानं स्वस्तच.

तक्रारी? आहेत की! गाडी उंच आणि खालून मोकळी, म्हणून चोरांची लाडकी. सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम असे महागडे धातू असतात. 2020 नंतर महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये ईकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्याच निघाल्या. सकाळी किल्ली फिरवावी, गाडीनं ट्रॅक्टरसारखी डरकाळी फोडावी आणि मालकानं काय झालं ते ओळखून कपाळाला हात लावावा!

हिशेबात न धरलेली गोष्ट

आतापर्यंत सगळं गोड आहे. पण चारोटीला थांबलोच आहोत, तर थोडं पुढे सूर्या नदीच्या पुलाकडेही बघू या. 4 सप्टेंबर 2022 रोजी दुपारी याच पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी महागडी, जर्मन, एअरबॅगांनी भरलेली. मागे बसलेल्या दोघांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता आणि ते दोघंही गेले. पुढचे दोघं जबर जखमी झाले, पण वाचले. गाडी थांबते तेव्हा बेल्ट न लावलेला माणूस थांबत नाही, एवढं साधं विज्ञान आहे हे.

आता त्याच रस्त्यावर ईकोची कल्पना करा. मे 2016 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं एअरबॅग नसलेली ईको ताशी 64 किलोमीटर वेगानं आदळवून पाहिली. मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेसाठी तारे मिळाले शून्य. तेव्हा विकल्या जाणाऱ्या इतरही बऱ्याच स्वस्त गाड्यांचा निकाल असाच होता. आणि त्या चाचणीत गाडीत माणसं कोंबलेली नव्हती! आपल्याकडे सहा-सात जणांच्या गाडीत दहा-बारा जण बसतात. ज्यांना धड सीट नाही, त्यांना बेल्ट कुठला?

दोष कंपनीचा? काही अंशी नक्कीच. पण शोरूममध्ये आपण काय विचारत होतो, तेही आठवा. ‘कितना देती है?’ हा प्रश्न जाहिरातीत आला, कारण तो आधी आपल्या तोंडात होता. सुझुकीनं प्रामाणिकपणे त्याचं उत्तर दिलं. अ‍ॅव्हरेज मागितलं, अ‍ॅव्हरेज दिलं. स्वस्त स्पेअर मागितले, ते दिले. रीसेल मागितली, तीही दिली. जीव वाचेल का, हे आपण विचारलंच नाही.

ते शेवटी कायद्यानं विचारलं. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस आणि जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. टक्कर-चाचणीचे नियमही कडक झाले आणि ओम्नीला ते झेपणारे नव्हते. त्याच वर्षी तिचं उत्पादन बंद झालं, पस्तीस वर्षांनी. ईको टिकली, कारण ती बदलली. 2025 मध्ये तिला सहा एअरबॅग मिळाल्या आणि सातऐवजी सहा सीटची आवृत्ती आली. नोव्हेंबर 2024 मध्ये मारुतीच्याच नव्या डिझायरनं ग्लोबल एनकॅपमध्ये पाच तारे मिळवले. म्हणजे जमत नव्हतं असं नाही, बॉस. मागणी नव्हती!

म्हणून पुढच्या वेळी ईएमआयचा एक्सेल उघडाल, तेव्हा मायलेजच्या शेजारी आणखी एक कॉलम ठेवा, सुरक्षेचा. तुमच्याकडे निवड आहे, पगार आहे, रिव्ह्यू वाचायला वेळ आहे. तलासरीच्या पाड्यावरून पहाटे पाचला निघणाऱ्या कामगाराकडे यातलं काही नाही. समोर येईल त्या गाडीत तो बसतो. तुम्ही शोरूममध्ये जे मागाल, ते आज ना उद्या त्याच्या गाडीतही येतं. मायलेज असंच आलं होतं.

ईको किंवा सेकंडहॅण्ड ओम्नी घेताय?

• गाडी कोणत्या वर्षाची ते आधी बघा. 2019 च्या आधीच्या गाडीत एअरबॅग असेलच असं धरून चालू नका.

• मागच्या प्रत्येक सीटचा बेल्ट ओढून, लावून बघा. सीटकव्हरखाली दडपलेला बेल्ट म्हणजे नसलेला बेल्ट.

• सीएनजी किट आरसी बुकात नोंदवलेलं हवं. सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी चाचणी कधी झाली, ते प्रमाणपत्र मागा.

• सायलेन्सर मूळचाच आहे ना, हे मेकॅनिककडून तपासून घ्या आणि खालून जाळी बसवून घ्या.

• भाड्यानं प्रवासी न्यायचे असतील तर पिवळी नंबरप्लेट आणि परमिट हवं. पांढऱ्या प्लेटवर धंदा केलात, तर अपघातानंतर विम्याचे पैसे मिळवताना नाकी नऊ येतील.

• आणि बोर्डीहून परतताना मागच्या सीटवर आडवं होऊन झोपणाऱ्या मित्राला उठवून बसवा, बेल्ट लावायला सांगा. वैतागला तर वैतागू दे. घरी तर पोहोचेल!