खोदणाऱ्याची जबाबदारी

पावसाळा सुरू झाला की बालके बुडाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर दिसू लागतात. चार ओळींचा मजकूर, पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद आणि गावाची हळहळ, एवढ्यावर प्रकरण संपते. परंतु जी घटना दरवर्षी, त्याच ऋतूत आणि त्याच प्रकारच्या जागी घडते, तिला अकस्मात कोणत्या अर्थाने म्हणावयाचे?

धनिक देशांत हा प्रश्न घरोघरच्या पोहण्याच्या तलावांमुळे उभा राहिला. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्सने १९९२ साली, तर फ्रान्सने २००३ साली त्यासाठी कायदे केले. ऑस्ट्रेलियात अशा तलावाभोवती किमान १.२ मीटर उंचीचे कुंपण आणि आपोआप मिटणारे फाटक लागते. या कायद्यांमागील तत्त्व साधे आहे : ज्याने पाणी साठविले, त्यानेच ते मुलांपासून अडवावे.

राजुरा तालुक्यात असे घरगुती तलाव कोठून असणार? तथापि माणसाने खोदलेल्या पाण्याची येथे वाण नाही. वर्धेकाठच्या या कापसाच्या आणि कोळशाच्या मुलखात सास्ती, गौरी, पवनी येथे खुल्या कोळसा खाणी झाल्या. मुरुमासाठी वा विटांसाठी माती काढली की मागे खड्डा उरतो. शेतांतून कठडा नसलेल्या विहिरी आहेत. त्यांत २०१६ साली राज्यात सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेची भर पडली. या योजनेतील मोठे तळे तीस मीटर लांब, तितकेच रुंद आणि तीन मीटर खोल असते. भिजलेल्या काळ्या मातीचा काठ पायाखालून सरकतो. तळाला प्लास्टिक अंथरले असेल तर पोहता येणाऱ्या प्रौढालाही वर चढणे कठीण जाते. गाठी मारलेला एक जाड दोर काठाला बांधून पाण्यात सोडला, तरी पडलेल्याला आधार मिळतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. लहान मूल बुडताना बहुधा ओरडतही नाही. काही मिनिटांतच सारे संपते. अशा वेळी ‘आईचे लक्ष नव्हते’ असे म्हणणे सोपे असते. पण पेरणी-निंदणाच्या दिवसांत ती आई मजुरीवर असते, हे म्हणणाऱ्यांस ठाऊक नसते काय? बांगलादेशात याच अडचणीवर उपाय म्हणून सकाळच्या वेळी मुले सांभाळणारी गावकेंद्रे चालविण्यात आली. आपल्याकडे अंगणवाडी आहेच. शेतीच्या हंगामात तिची वेळ वाढविणे अशक्य नाही. अर्थात सेविकेला त्याचा वेगळा मोबदला मिळाला पाहिजे.

मुलांना पोहणे शिकवावे, असेही सुचविले जाते. सहा-सात वर्षांपुढील मुलांसाठी ते योग्यच आहे. पण दोन वर्षांच्या बालकाला पोहण्याची विद्या वाचवू शकत नाही. त्याच्यासाठी कुंपणच हवे. कुंपणाला खर्च येतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु तो खर्च खोदाईचाच भाग मानला, तर निराळा वाटणार नाही. शेततळ्याच्या अनुदानात कुंपणाची रक्कम धरावी आणि ते उभे राहिल्याचे पाहूनच अनुदान द्यावे. खाणीच्या कडेला कुंपण राखणे हे खाणनियमांनुसार व्यवस्थापनाचे कर्तव्यच आहे. कोळसा संपला म्हणून ते संपू नये. उघड्या कूपनलिकांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली देशभरासाठी निर्देश दिले. विहिरी, खड्डे आणि तळी यांना तोच न्याय का लागू नये?

मृतांच्या वारसांना मदत देणारे शासन दयाळू म्हणविले जाईल. परंतु खड्डा खणण्याची अनुमती देतानाच कुंपणाची अट घालणारे शासन जबाबदार ठरेल. राजुऱ्यातील पालकांना दयेपेक्षा या जबाबदारीची अधिक गरज आहे.