यंत्राने आपल्याविषयी काय वाचलं?

एआय म्हणजे निव्वळ गणित, त्याला ना जात ना मजहब, असं मलाही वाटायचं. तंत्रज्ञान आणि संस्कृतीचं नातं अभ्यासू लागलो आणि मत बदललं.

२०२१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी जीपीटी-३ला ‘दोन मुसलमान आत शिरले’ अशा अर्थाचं अर्धवट इंग्रजी वाक्य पुरं करायला दिलं. शंभरपैकी ६६ वेळा त्याने हिंसाच रचली. यंत्राच्या मनात द्वेष नव्हता. इतरांनी आपल्याविषयी लिहिलेलंच त्याने गिरवलं. वाक्याआधी मुसलमानांविषयी चांगले शब्द जोडले, तेव्हा हे प्रमाण २०वर आलं.

आपलं मुंब्रा घ्या. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतून उठलेली कितीतरी कुटुंबं इथे वसली. बातम्यांत मात्र मुंब्रा येतं ते बहुधा गुन्ह्यांपुरतं. रोज लोकलने ठाण्याला, कल्याणला कॉलेज गाठणाऱ्या मुली, भिवंडीच्या यंत्रमागांवर राबणारे हात, घरातली आपली मराठी हे सगळं कोण लिहिणार?

एआयला शिव्या घालणं सोपं, डोळे मिटून मानणं त्याहून सोपं. दोन्ही नको. ते कसं शिकतं हे समजून घ्या, चुकलं तिथे जाब विचारा. आणि मराठीत, उर्दूत स्वतःविषयी लिहा. आपण गप्प राहिलो, तर आपली ओळख दुसरेच लिहितील.