‘क्रिएटिव्ह’ नोकरी आणि आमचे मौन

मराठी घेऊन एम.ए. करून पुढे काय, या प्रश्नाला आम्हा अध्यापकांपाशी गेली काही वर्षे एक तयार उत्तर आहे : माध्यमे. वाहिन्या आहेत, जाहिरातसंस्था आहेत, डिजिटल कंपन्या आहेत. त्यांना मराठी लिहिणारे हवे आहेत. प्रवेशाच्या दिवसांत हे उत्तर आम्ही विशेष उत्साहाने देतो, कारण वर्ग भरला नाही तर आमचाच कार्यभार कमी होतो. तेव्हा ते तपासण्याची जबाबदारीही आमचीच.

आमची एक माजी विद्यार्थिनी मुंबईतील अशाच एका कंपनीत ‘क्रिएटिव्ह’ विभागात होती. परवा भेटायला आली. म्हणाली, ‘‘सर, दोन वर्षांत मी मराठी लिहिलंच नाही, नुसतं बसवलं.’’ मूळ ओळ हिंदीत वा इंग्रजीत ठरून येते. मराठी ओळ तेवढ्याच चौकटीत, तेवढ्याच सेकंदांत बसवायची. ती बसली की मराठी न वाचणारा वरिष्ठ सांगणार, फार शुद्ध वाटते, जरा सोपी कर. रात्री उशिरापर्यंत थांबायचे असते तेव्हा कंपनी म्हणजे एक कुटुंब. पगारवाढीचा विषय निघाला की पुन्हा कंपनी. 2024 साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्या दिवशीच्या अभिनंदनाच्या ओळीही तिनेच लिहिल्या. त्यांखाली चिन्ह कंपनीचे होते.

यावर आक्षेप ठरलेला आहे : मागणीबरहुकूम लिहिणे कमी प्रतीचे मानणारा हा प्राध्यापकी सोवळेपणा आहे. आम्हांला तो मान्य नाही. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हा ग. दि. माडगूळकरांना आठवड्याला एक गीत द्यायचे होते. मुदत होती, माध्यमाची चौकट होती, संगीतकाराची गरज होती. पण त्या शब्दांवर माडगूळकरांचे नाव होते, आणि ते शब्द मराठीत सुचलेले होते. आमचे भांडण मुदतीशी नाही. लिहिणाऱ्याला लेखक न मानण्याशी आहे. ‘क्रिएटिव्ह’ हे विशेषण त्याला देऊन त्याचे नाम काढून घेतले जाते.

याची पूर्वतयारी आम्हीच करून देतो. वर्गात आम्ही रोलां बार्थचा ‘लेखकाचा मृत्यू’ शिकवतो. तो वाचकाच्या मुक्तीसाठी होता. कंपन्यांनी मात्र तो नियुक्तिपत्रात अमलात आणला. ‘प्रसारमाध्यमांसाठी लेखन’ या अभ्यासपत्रिकेत आम्ही पटकथेचा आराखडा शिकवतो, जाहिरातीचा मथळा शिकवतो. करारपत्र कसे वाचावे हे शिकवत नाही. कॉपीराइट कायदा, 1957 किती मराठी विभागांनी उघडून पाहिला आहे? त्याच्या कलम 17 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक साधारणतः नियोक्ता असतो. 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटात अंतर्भूत झालेल्या लेखनापुरते लेखकाच्या हक्काला संरक्षण दिले, स्वामित्वधनातील समान वाटाही दिला. आणि कलम 57 सांगते की स्वामित्व हस्तांतरित झाले तरी आपण या कृतीचे कर्ते आहोत असे म्हणण्याचा, प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा हक्क कर्त्यापाशी उरतो. कर्तृत्वाविषयी इतके नेमके विधान आमच्या साहित्यशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच सापडेल. तरीही आमचा विद्यार्थी बावीसाव्या वर्षी न वाचता सही करतो, कारण वाचायला आम्ही शिकवले ते फक्त कवितेला.

आमच्या मागण्या साध्या आहेत. माध्यमलेखनाच्या अभ्यासपत्रिकेत ही कलमे आणि एक नमुना करार सक्तीने वाचला जावा. फुकट राबवून घेणाऱ्या कंपनीच्या ‘इंटर्नशिप’ला विभागप्रमुखांनी सही देऊ नये. आणि प्रवेशाच्या वेळी माध्यमांतील संधी सांगताना तिथली किंमतही सांगितली जावी. यामुळे एखादा वर्ग भरला नाही तर न भरो.

ती विद्यार्थिनी जाताना विचारून गेली, ‘‘हे तुम्ही आम्हांला तेव्हाच का नाही सांगितलंत?’’ तिला देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नव्हते.