इफ्तारला फिंगर चिप्स : तयारी शाबानमध्येच

रमजानात असर ते मगरिब हा घरातल्या बाईचा सगळ्यात धावपळीचा वेळ. आमच्या पामच्या घरातही तेच. तारापूर एमआयडीसीतली पहिली पाळी करून आलेला माणूस, क्लासहून आलेली मुलं, आणि मुलांची रोजची एकच मागणी : फिंगर चिप्स. फळं कापायची, भजी तळायची, सरबत करायचं आणि त्यातच बटाटे सोलत बसायचं. अजान व्हायची तरी अम्मी कढईसमोरच. खजूर तोंडात टाकून ती उभ्या उभ्याच रोजा सोडायची. दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं, चिप्स शाबानमध्येच करून फ्रीजरमध्ये ठेवायचे.

पहिला प्रयत्न फसला. फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवलेले बटाटे कापले, तळले आणि गरम असतानाच पिशवीत भरले. इफ्तारला काढले तर सगळ्याचा एक गोळा झालेला! तेलात सोडले तर बाहेरून काळपट, आतून गिच्च. दोन किलो बटाटे वाया गेले. अन्न फेकताना अम्मीला फार वाईट वाटलं.

चूक नंतर कळली. फ्रिजच्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना तीच काळी पडते. म्हणून बटाटा बाहेरच, हवेशीर आणि अंधाऱ्या जागी ठेवावा. हिरवट किंवा कोंब आलेला घेऊ नये. बटाटा पिठूळ हवा. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये खास तळणीसाठी ‘कुफरी चिप्सोना’ हे वाण आणलं, पण भाजीवाला काही वाणाचं नाव सांगत नाही. त्यासाठी घरगुती परीक्षा आहे : ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवून बटाटा सोडा. बुडला तर पिठूळ, चिप्सला चांगला. तरंगला तर तो भाजीला वापरा.

आता आमची पद्धत. १ किलो बटाटे सोलून बोटाएवढे, सारख्या जाडीचे कापावेत. पाणी नितळ दिसेपर्यंत दोन-तीनदा धुवावेत. उकळत्या पाण्यात १ मोठा चमचा व्हिनेगर घालून ४-५ मिनिटं उकडावेत. व्हिनेगरमुळे तुकडे मोडत नाहीत. चाळणीत निथळून सुती कापडावर पूर्ण कोरडे करावेत. ओले राहिले तर तेल उडतं. मग मध्यम गरम तेलात थोडे थोडे घालून २-३ मिनिटंच तळावेत. रंग येऊ द्यायचा नाही, फक्त वरची साल जराशी घट्ट झाली की काढावेत. मीठ आताच लावू नये, पाणी सुटतं.

ताटात पसरून पूर्ण गार करावेत. ते ताट तसंच, चिप्स एकमेकांना न चिकटता, ३-४ तास फ्रीजरमध्ये ठेवावं. दगडासारखे कडक झाले की पिशवीत भरून हवा काढावी. एका इफ्तारला लागतील तेवढेच एका पिशवीत भरावेत, म्हणजे उरत नाहीत. आमच्या सहा जणांना अर्ध्या किलो बटाट्यांची एक पिशवी पुरते. पिशवीवर तारीख घालावी आणि महिनाभरात संपवावेत.

इफ्तारच्या दहा मिनिटं आधी पिशवी काढावी. चिप्स वितळू न देता थेट कडक गरम तेलात, मूठ-मूठभर सोडावेत. एकदम जास्त टाकले तर तेल गार होतं आणि चिप्स तेल पितात. सोनेरी झाले की काढून वरून मीठ आणि थोडं लाल तिखट टाकावं.

वीज गेली तर फ्रीजरचं दार उघडू नये. चिप्स मऊ पडले असतील तर पुन्हा गोठवू नयेत, फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी तळून संपवावेत.

गेल्या रमजानात आमची शेवटची पिशवी सत्ताविसाव्या रोजाला संपली. त्या महिन्यात अम्मी अजानच्या आधीच दस्तरखानावर बसलेली असायची, आमच्या सगळ्यांबरोबर, दुआसाठी हात उचलून.