बेडकाची नजर

संकुचित वृत्तीच्या माणसाला आपण 'कूपमंडूक' म्हणून हिणवतो. विहिरीतल्या त्या बिचाऱ्या जिवाची बाजू मांडायला कोणी पुढे येत नाही. म्हणून, मुलांनो, निदान त्याच्या नजरेपुरती ती मी मांडतो.

डोळा कॅमेऱ्यासारखा असतो, असे आपण नेहमी ऐकतो. पुढच्या भिंगापुरती ही उपमा ठीक आहे. पण मागच्या पडद्यापाशी, म्हणजे दृष्टिपटलापाशी, ती लंगडी पडते. दृष्टिपटल म्हणजे चित्र उमटण्याचा नुसता कागद नव्हे. त्यात नाना प्रकारच्या चेतापेशींचे थर असतात. माणसाच्या एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी १२ कोटींच्या आसपास, आणि तेथून मेंदूकडे जाणारे तंतू मात्र सुमारे १० लाखच! तेव्हा टिपलेले सगळेच मेंदूला कसे कळवणार? काय कळवावे आणि काय गाळावे, याची निवड दृष्टिपटलातच सुरू होते. आणि ती प्रत्येक प्राण्यात निराळी असते.

लेटव्हिन, मातुराना आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९५९ साली अमेरिकेत बेडकाच्या या तंतूंतील संदेशांविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. काही तंतू माशीएवढा काळा ठिपका हलू लागताच जागे होत. बेडकाच्या परिसराचे रंगीत चित्र पुढे धरून ते सबंध हलवले, तर हे तंतू गप्प. त्याच चित्रावरून ठिपका एकटा सरकला, की लगेच संदेश सुटे. दुसरे काही तंतू उजेड कमी झाल्याची वर्दी देत. मात्र भोवती खाद्य असूनही ते हलत नसेल, तर बेडूक उपाशी मरेल, असे या शास्त्रज्ञांनी लिहिले आहे.

कोणी म्हणेल, हा तर आंधळेपणा झाला! मला तसे वाटत नाही. जिवंत किड्यांवर जगणाऱ्याला निश्चल वस्तूंचे तपशील काय कामाचे? आणि आपली नजर तरी कोठे परिपूर्ण आहे? आपल्या दृष्टिपटलाच्या मध्याजवळ पेशींची दाटी आहे, म्हणून ही ओळ तुम्हांला वाचता येते. पण एका शब्दावर नजर स्थिर ठेवून पानाच्या कडेचा शब्द वाचून पाहा बरे! सशाच्या डोळ्यात हीच दाटी आडव्या पट्ट्यासारखी पसरलेली असते. क्षितिजाची जवळजवळ सगळी रेघ त्याला बसल्या जागी दिसते. आपल्याला मात्र मागून कोणी आले, तर मान वळवावी लागते.